मेडिकलच्या दिवशीचे चार लिटर

हसू नका म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, तुम्ही हसणारच. तरी मी कशी माती खाल्ली ते ऐकाच.

मी अंबरनाथजवळ मोरिवलीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. मागच्या वर्षी कंपनीच्या मेडिकलला डॉक्टर म्हणाले होते, "रक्त घट्ट झालंय, अंगात पाणी कमी पडतंय." यंदा शिफ्टचा लीडर व्हायचं, तर रिपोर्ट चोख हवा. दहा वर्षं वाट बघितली होती हो, सगळा जीव त्यात अडकलेला.

आता माझी अक्कल बघा. आदल्याच आठवड्यात बायकोची, सुनीताची, सोनोग्राफी झाली. तिथे तिला टम्म फुगेपर्यंत पाणी प्यायला लावलं होतं. म्हटलं, टेस्ट म्हणजे टेस्ट, नियम तोच असणार. सकाळी उठल्यापासून बसलो ढोसत.

"अहो, पुरे की. बारवी धरण आटेल," सुनीता म्हणाली.

"तुला काय कळतंय? रक्त पातळ करतोय."

चार लिटर प्यालो! घर बदलापूरला, मेडिकल अंबरनाथला; रिक्षा खड्ड्यात गेली की पोटात नुसतं डुचमळायचं.

रक्त दिलं, लघवीची बाटली दिली. लॅबवाल्या मॅडमनी बाटली उजेडात धरली.

"काका, ये क्या है? नळाखाली धरली का?"

"आईशप्पथ, माझीच आहे."

"रंगच नाही हिला."

झालं, वरात थेट डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "नमुन्यात गडबड केलीत तर लीडर विसरा." मी लगेच सगळं कबूल केलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, किती पाणी ठेवायचं, किती बाहेर टाकायचं, हे शरीर आपलं आपण बघतं. तुम्ही एकदम एवढं ओतलंत, तर रक्तातलं मीठ पातळ झालं. अजून प्यायला असतात तर आकडी येऊन पडला असतात. उद्या पुन्हा नमुना द्यायला या. आमचा कंपाउंडर बाथरूमच्या दाराशी उभा राहील."

मी इतका घाबरलो की त्यानंतर पाण्याला शिवलोच नाही. ऐन मे महिना, तरी घोटभरसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर दाराशी. "चालू द्या, आरामात."

अर्धा तास गेला. थेंब नाही.

शेवटी डॉक्टर स्वतः आले. "आता काय झालं?"

"सर, कालपासून पाणी बंद केलंय."

त्यांनी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी, तहान लागेल तेवढंच पिऊन गेलो. रिपोर्ट एकदम नीट. डॉक्टरांनी 'फिट'चा शिक्का उचलला, माझ्याकडे बघितलं आणि तो हवेतच धरून म्हणाले,

"भट्टी तुम्ही सांभाळाल हो. पण तुम्हाला सांभाळायला कुणाला नेमायचं?"