काकूंना येऊ द्या

लोकसभेची निवडणूक जवळ आली की मदन महल वस्तीतल्या आमच्या गल्लीत एक बाई मतदारांच्या सर्व्हेला येतात. प्रत्येक पक्षाचं नाव त्या एकाच आवाजात वाचतात. "हवा कोणाची आहे?" असं कोणी विचारलंच, तर म्हणतात, "मी फक्त विचारते जी, सांगत नाही."

या वेळी त्यांच्या यादीत माझ्या बायकोचं नाव निघालं. ती बाजारात गेली होती. मी म्हटलं, "माझंच लिहून घ्या. आमच्या घरी एकच मत असतं."

त्यांनी उत्तरं भरायचा मोबाइल पर्समध्ये ठेवला. "काकूंना येऊ द्या. मी थांबते."

त्या भर उन्हात तासभर पायरीवर बसल्या. पाणी घेतलं, पण आत आल्या नाहीत. बायको आल्यावर मला म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा आत जाता का?"

मी आत गेलो. बाहेर बायको बराच वेळ बोलत होती. इतकं सावकाश, विचार करून बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

त्या गेल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं?"

"आता काहून विचारून राहिले?" ती म्हणाली. "सांगितलं त्यांना."