मास्तरांची टेप

शिंपी मास्तरांना उभ्या आयुष्यात कुणाच्या गाडीचा, बंगल्याचा हेवा वाटला नाही. पण सख्ख्या धाकट्या भावाची कंबर मात्र त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखी सलायची. आहार सांगणाऱ्या एका बाईंकडे जाऊन भाऊराया सहा महिन्यांत निम्मा झाला होता, आणि घरात उठता-बसता त्याचेच गोडवे.

“भाऊजी कसे नवरदेवासारखे दिसायला लागलेत!” मास्तरीणबाई म्हणायच्या.

“दिसणारच. उपाशी माणूस उंचच दिसतो,” मशीनवरची मान न उचलता मास्तर.

जळक्या माणसाचा नेम नाही हो! भावाने चार पँट कमरेत आवळायला टाकल्या, तर मास्तरांनी चारही दोन-दोन इंच सैलच ठेवल्या. भाऊ बिचारा पट्ट्याखाली चुण्या कोंबून फिरे. बघणाऱ्याला वाटे, दुखण्यातून उठलाय. मास्तरांच्या जिवाला तेवढाच गारवा.

पण हेव्याने काही मास्तरांच्या रक्तातली साखर उतरत नाही. डॉक्टरांनी बजावलं, “महिन्याभरात चांगला आहारतज्ज्ञ धरा, नाहीतर रोज सुई घ्यावी लागेल.” शिंप्याला सुईची भीती घालणारा हा पहिलाच माणूस!

भावाच्या त्या आहारवाल्या बाई सोडून जगातला कुणीही चालेल, असं मास्तरांनी ठरवलं. पहिला तज्ज्ञ म्हणाला, दर दोन तासांनी खा, फळं म्हणजे अमृत. दुसरा म्हणाला, दोनदाच जेवा, फळं म्हणजे नुसती साखर. मास्तरांनी दोघांचंही मन राखलं: दोनदाच जेवले, पण पोट फुटेस्तोवर, आणि दर दोन तासांनी फळं. साखर आणखी चढली.

शेवटी ते भावाच्या बाईंकडे गेलेच, पण खोड काढायला.

“काका, कंबर किती?”

“अडतीस. लग्नापासून तेवढीच.”

बाईंनी मोजली. “चाळीस.”

“तुमची टेप खोटी! तीस वर्षं मापं घेतोय मी,” म्हणत मास्तरांनी गळ्यातली टेप उपसली.

बाईंनी वाद घातला नाही. दोन्ही टेपा टेबलावर शेजारी-शेजारी पसरल्या. मास्तरांची कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ताणली होती. तिचा अडतीस बाईंच्या चाळिसाला भिडला. माप तिनेच, कापणीही तिनेच, म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे कधी चुकले नाहीत. चुकले ते एकटे मास्तर.

मास्तर नरमले. “मग मी खाऊ काय?”

“आठवडाभर जे खाल ते लिहून आणा. आधी माप, मग कात्री.”

हे मास्तरांना पटलं. यांनाच धरायचं, असं मनाशी म्हणताहेत तोच बाई हसल्या. “तुम्ही शिंपी ना? माझे एक पेशंट आहेत. इतकं वजन उतरवलं, पण पट्ट्याखाली पँटच्या चुण्या कोंबून फिरतात. म्हटलं, शिंपी बदला. तर म्हणतात, ‘छे हो, शिवणारा माझा दादा आहे. त्याचा हात चुकायचा नाही, मीच अजून वाळत असेन.’”

मास्तर टेप गुंडाळून उठले. दुकानात पोचताच त्यांनी भावाला फोन लावला. “चारही पँट घेऊन ये.”

“का रे दादा?”

“टेप खोटी निघाली.”

जिने गुन्हा केला नव्हता, त्या टेपेवर सगळं ढकलून मास्तर शिवण उसवायला बसले. तीन पँट अगदी अंगाबरोबर केल्या. चौथीत मात्र पाव इंच ठेवलाच. एका बैठकीत तरी हेवा किती उतरणार!