निरोपाची प्रार्थना

आई आजारी असल्याचा निरोप आला तेव्हा माझी इंटरची परीक्षा जवळ आली होती, आणि खरे सांगायचे तर माझी प्रार्थना त्याआधीच बंद पडली होती. आमच्या घराण्यात कॉलेजात, तेही पुण्याला, गेलेली मी पहिलीच. नवी पुस्तके वाचून मनात शंका शिरल्या होत्या. त्या खऱ्या होत्या की नुसत्या मिरवण्यापुरत्या, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण लोणावळ्याच्या घरात शिरून आईकडे पाहिले आणि शंकेच्या जागी राग आला.

बाबा तिथल्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक. महिन्यातले कितीतरी दिवस ते आंदर मावळातल्या गावांतून पायी फिरत असत. मागे मंडळी सांभाळायची ती आईने. बाळंतिणीची शेकशेगडी, रविवारची शाळा, मयताच्या घरी पिठले-भात, आणि ह्या सगळ्यांतून उरलेल्या वेळात आम्ही भावंडे. त्या वर्षी मावळात तापाची साथ आली तेव्हा बाबांबरोबर तीही गेली आणि परक्यांच्या मुलांच्या उशाशी बसून राहिली. परतली ती ताप घेऊनच. ताप उतरला, पण झोप गेली ती गेलीच. दिवसा डोळे उघडे, रात्रीही उघडे. डॉक्टरांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितले, "हृदय फार थकलंय. झोप लागली नाही तर माझ्या औषधाच्या भरवशावर राहू नका."

पाळकांच्या घरून कोणीही प्रार्थनेवाचून उठायचे नाही, अशी आमच्यात रीत आहे. आईच्या समाचाराला येणारी माणसेही ती चुकवीत नसत. फक्त कोणी कोणासाठी मागायचे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. रेल्वेतल्या एका पोर्टरची बायको शांताबाई तर जवळजवळ रोज यायची.

"किती उतरलात हो पाळकीणबाई! पडून राहा बघू. मुळीच उठायचं नाही," असे दटावून ती सासूची सगळी गाऱ्हाणी सांगे, आणि निघताना पदर सावरीत म्हणे, "तेवढं ह्यांच्या बदलीसाठी देवाजवळ बोला."

आणि आई उठून बसे. डोक्यावर पदर घेऊन ती पोर्टरच्या बदलीसाठी मागे, सासूच्या गुडघ्यांसाठीही मागे. शांताबाई हलकी होऊन घरी जाई. आईला परत आडवे करायला मला दोन्ही हातांनी आधार द्यावा लागे.

एकदा मला राहवले नाही. "आई, तुझ्या देवाच्या चाकरीत रजा नसतेच का?"

ती रागावली नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. "थकले गं," ती म्हणाली. "दुसऱ्यासाठी मागताना शब्द सवयीनं येतात. स्वतःसाठी काय मागायचं, ते सुचतच नाही बघ." मला तिच्यासाठी मागावेसे वाटले. पण माझ्याजवळ शब्दच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाट धुके उतरले होते. दारात एक शेतकरी बाई उभी राहिली, डोक्यावर घोंगडी, काखेत तांदळाचे गाठोडे. "पाळकीनबाई हितंच ऱ्हात्यात न्हवं?" तिने विचारले. आंदर मावळातून कामशेतपर्यंत ती चालत आली होती आणि पुढे गाडीने. साथीत आई तिच्याच मुलाजवळ बसली होती. मूल वाचले होते.

"मावशी, आई आजारी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"कुनी न्हाई. सकाळी दळताना बाईंची लय सय आली. म्हनलं, जाऊन यावं."

मी पाणी पुढे केले. तिने हात जोडले. "राग नगं मानू लेकी. तुमच्यातलं पानी आमच्यात चालत न्हाई." मला लागले, पण आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

थोडा वेळ बसून ती उठली, तशी आईही सवयीने उठू लागली. तिने आईला खांद्याला धरून परत निजवले. "तुमी नका उटू. त्या राती तुमी काय मागितलंत, म्हायती हाये का? लेकराचा ताप काढ म्हनलात. मग म्हनलात, आन् ह्याच्या आईच्या डोळ्याला डोळा लागू दे. लेकरासाटी समदे मागत्यात, बाई. माज्यासाटी आजवर कुनीच मागितलं न्हवतं."

मग जिने आमचे पाणी घेतले नव्हते, तिने आपला तळवा आईच्या कपाळावर ठेवला. "तुमच्या देवाचं नाव मला नीट घेता येत न्हाई. त्यो वळखंल. देवा, ह्या माउलीच्या डोळ्याला डोळा लागू दे."

आईच्या डोळ्यांतून पाणी आले. मग ते डोळे मिटले.

मी श्वास मोजीत बसले. मावशी गाडीची वेळ विसरून उंबऱ्यात बसून राहिली. शांताबाई आली तेव्हा मावशीनेच तिला दटावले, "हळू बोला. बाई निजल्यात." शांताबाईने तोंडाला पदर लावला आणि तीही मावशीशेजारी टेकली. संध्याकाळी बाबा घराशेजारच्या चर्चमध्ये उपासनेची घंटा वाजवायला गेले. त्यांनी दोर हातात धरला, आमच्या खिडकीकडे पाहिले आणि तो हळूच सोडून दिला. लोक घंटेवाचूनच आले. त्यांनी गीतही अगदी हळू म्हटले. आई सकाळपर्यंत झोपली.

ह्याला काय म्हणावे, ते ज्यांना कळते त्यांनी ठरवावे. मावशीला त्याच दिवशी आईची सय का आली, हे मला माहीत नाही, आणि आता ते शोधावेसेही वाटत नाही. देवाच्या हाती स्वतःला सोपवणे म्हणजे त्याच्यासाठी राबणे, एवढेच आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते. थकल्यावर कोणाला तरी आपल्यासाठी मागू देणे, हेही सोपवणेच, हे मी त्या दुपारी शिकले. त्याबद्दल मी देवाचे आणि मावशीचे आभार मानते.

मी पुण्याला परत निघाले तेव्हा आई भिंतीला धरून दारापर्यंत आली. रीतीप्रमाणे तिने माझ्या परीक्षेसाठी मागितले. नंतर तिने मान खाली घातली आणि तशीच उभी राहिली. ती वाट पाहत होती, हे मला जरा उशिराच कळले. कॉलेजातले एकही वाक्य मला सुचले नाही.

"देवा," मी म्हटले, "हिच्या डोळ्याला डोळा लागू दे."

"आमेन," आई म्हणाली. स्वतःसाठी तिने म्हटलेला तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.