कालव्याची घंटा

कॅनडात वाळवंट आहे, हे पुण्यातल्या माझ्या बहिणीला अजूनही पटत नाही. मी वाळूचे आणि काटेरी झुडपांचे फोटो पाठवते, ती विचारते, "बर्फ कुठाय?" नवऱ्याचं सॉफ्टवेअरचं काम घरून चालतं, म्हणून आम्ही या चिमुकल्या गावात आलो. इथे मला कुत्रंही विचारत नव्हतं. मग गावच्या म्युझियममध्ये मी व्हॉलंटियर झाले, आणि जणू इतिहास मीच घडवला अशी मिरवू लागले.

इथला इतिहास सगळा पाण्याचा. डोंगरातून कालवा आला आणि वाळूत सफरचंदांच्या बागा उभ्या राहिल्या. कालव्याला पाणी सोडलं की एक पितळी घंटा वाजायची. ती आमच्याकडे आहे. ती वाजवणाऱ्याचा मुलगा, आता नव्वदीतले आजोबा, ती बघायला येणार होते.

पाहुणे येणार म्हटल्यावर माझ्या अंगात जे संचारतं, ते संचारलं. घंटा काळीठिक्कर पडली होती. मी घरून चिंच आणि मीठ नेलं आणि देवाची भांडी घासावीत तशी ती लख्ख घासली. घासताना मनातल्या मनात स्वतःचा सत्कारही उरकून घेतला.

म्युझियम सांभाळणाऱ्या बाई दारातच थबकल्या. "ओह नो!" तो काळेपणा म्हणजे मळ नव्हता, तोच तर वारसा होता. "आय ॲम सो सॉरी, पण तुम्हाला आता इथे ठेवणं कठीण आहे," त्या म्हणाल्या. इथे हाकलतानाही आधी सॉरी म्हणतात. गावात मला जायला दुसरी जागाच नव्हती.

तेवढ्यात आजोबा आले. थेट घंटेपाशी जाऊन वाकले.

"वडिलांच्या हातात ही कधीच इतकी चमकली नाही," ते म्हणाले. "त्यांना वेळच नसायचा."

बाईंनी माफी मागितली. मीही मागितली, गरजेपेक्षा जास्त वेळा.

"पुन्हा काळी व्हायला किती दिवस?" आजोबांनी विचारलं.

"या कोरड्या हवेत पुष्कळ वर्षं लागतील," बाई म्हणाल्या.

"मी काही तेवढा थांबत नाही." ते हसले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला थांबू दे. लक्ष ठेवायला."

मग त्यांनी अख्खा तळवा घंटेवर टेकवला. पितळेवर ठसा उमटला. मला रडू आवरेना, आणि तरीही हात सवयीने फडक्याकडे गेला.

"डोन्ट!" बाई ओरडल्या.

मी फडकं पर्समध्ये कोंबलं.