लेबनॉनचा झेंडा कोणाच्या हातात

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या नॉर्डाल गावात धान्याचं एक कोठार, दोन चर्च आणि पाच प्रकारची माणसं आहेत. सगळ्यांत जास्त आम्ही नॉर्वेकर. त्या खालोखाल रशियातून आलेले जर्मन. त्यांना नुसतं जर्मन म्हटलं तर ऐकून घेतात, रशियन म्हटलं तर बोलणं टाकतात. बिटाच्या शेतांवर कामाला आलेली आणि इथलीच होऊन गेलेली मेक्सिकन घरं रुळांच्या पलीकडे. सगळ्यांच्या आधीपासून इथे असलेल्या डकोटा लोकांचं गावात आता एकच घर उरलंय. आणि लेबनॉनचे लोक म्हणजे लोरेटा रझूक. ‘लोक’ हे अनेकवचन तिने वर्षानुवर्षं एकटीने पेललं होतं.

लोरेटाचा आजोबा पाठीवर सुया, दोरे आणि कंगव्यांचं गाठोडं घेऊन शेताशेतांवर फिरायचा. एका हिवाळ्यात बर्फात अडकला, उन्हाळ्यात निघायचं विसरला आणि दुकान टाकून बसला. बापाने आमच्यातली इंगा नावाची मुलगी केली. लोरेटा त्यांची एकुलती एक. बोलते अगदी आमच्यासारखी, हेल काढून. अरबीतली तिला पदार्थांची नावं येतात आणि एक शिवी. ती शिवी जानेवारीत गाडी चालू होत नाही तेव्हा कामी येते.

दर जूनमध्ये गावाच्या स्थापनादिनाला आमच्याकडे मिरवणूक निघते. प्रत्येकाने आपापल्या पूर्वजांच्या देशाच्या झेंड्यामागे चालायचं आणि झेंडा त्या लोकांतल्या वयाने सगळ्यांत मोठ्या माणसाने धरायचा, असा रिवाज. डकोटा घरातली माणसं मिरवणुकीत येत नाहीत. “आम्ही कुठून आलोच नाही, तर मिरवायचं काय?” म्हणतात आणि कडेला खुर्च्या टाकून आमची गंमत बघतात.

आता नॉर्वेचा झेंडा हातात यायचा तर नव्वदी गाठावी लागते. त्यामुळे रांगेत पुढे असलेल्यांच्या तब्येतीची आमच्याकडे फार आस्थेने चौकशी होते. लोरेटाला मात्र बाप गेला त्या वर्षी, ऐन चाळिशीत, झेंडा मिळाला. “नशीब लागतं बाबा,” आमचे म्हातारे कॉफीवर कुरकुरत. “देशात दुसरं माणूसच नाही म्हटल्यावर काय!” लोरेटा ऐकायची आणि तिची मान आणखी अर्धा इंच वर जायची. तिच्या आयुष्यात नवरा आला नाही, मूल आलं नाही, पण वर्षातून एक सकाळ ती एका देशाची प्रमुख असायची.

मग दवाखान्यात नवीन डॉक्टर आला. नाव नबील. गाव लेबनॉनमधलं झाहले. आणि सोबत त्याची आई, वदाद.

बातमी कॅफेत आणली आर्डिस लुंडने. मिरवणुकीची व्यवस्था तिच्याकडे असते.

“लोरेटा, अगं ऐकलंस का? तुझ्या देशाची माणसं आलीत! खरीखुरी!”

“म्हणजे मी काय खोटी?” लोरेटाने कप खाली ठेवला.

“तसं नाही गं. पण ती तिथून आलीत ना.”

“मग तू कधी आलीस नॉर्वेहून? पोहत आलीस की उडत?”

सगळे हसले. लोरेटा हसली नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता, आणि तो विचारायला ती दुसऱ्याच दिवशी डॉक्टरच्या घरी गेली. हातात तबुलेचं भांडं. पार्सली आणि गव्हाच्या भरड्याची ही कोशिंबीर लिंबावर चालते. पण आजीच्या काळी इथे लिंबू कुठलं? म्हणून आजीने परसातल्या रुबार्बच्या आंबट देठांचा रस घातला, आणि लोरेटाच्या घरी तीच रीत पडली. वदादबाईंनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, उघडले आणि चमचा हळूच बशीत ठेवला.

“आई म्हणते, वेगळं आहे,” नबील म्हणाला.

“वेगळंच असतं आमच्याकडे,” लोरेटा म्हणाली. “बरं, वय काय असेल तुझ्या आईचं?”

“एक्याऐंशी.”

लोरेटा शहात्तरची. घरी येताना तिने गाडीतल्या गाडीत ती एकुलती एक शिवी वापरली. गाडी व्यवस्थित चालू होती.

तिथून पुढे तिला वदादबाईंचं काही सोसेना. त्यांचे केस काळेभोर कसे? रंगवतच असणार! एवढ्या वयात दोन-दोन पायऱ्या चढतात, हे बरं लक्षण नव्हे. चर्चच्या जेवणाला वदादबाईंनी लिंबाचं तबुले आणलं. आमच्या लोकांनी, ज्यांना मिरी पडली तरी जिभेला चटका बसतो त्या लोकांनी, दोन-दोनदा वाढून घेतलं. लोरेटाचं भांडं पहिल्यांदा अर्धं भरलेलं घरी गेलं. “छान होतं हो तुझंही,” आर्डिस म्हणाली. त्या ‘ही’ने लोरेटाला रात्रभर झोप लागली नाही.

जून जवळ आला तशी ती आर्डिसला गाठून म्हणाली, “रिवाजाचा अर्थ काय? गावात कोण जास्त वर्षं राहिलं, तोच मोठा ना?”

“वयाने मोठा, लोरेटा. पहिल्यापासून.”

“ती बाई कालपरवा आलीये!”

आर्डिस बिचारी विरघळलीही असती. पण शेजारच्या टेबलावर गुंडर ब्रेक्के बसला होता. वय त्र्याण्णव, नॉर्वेच्या झेंड्यावर यंदा त्याचा पहिला हक्क, आणि तो तरुणपणी दुसऱ्या गावातून इथे आलेला. “खबरदार!” त्याने काठी आपटली. “नियम म्हणजे नियम! आज तिच्यासाठी वाकवाल, उद्या माझ्या हातातला झेंडा त्या टोर्गरला द्याल! तो इथलाच, पण माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे.” टोर्गर कोपऱ्यातून आशेने बघत होता. एकट्या लेबनॉनपुढे सगळा नॉर्वे उभा राहिला, आणि बोलणं तिथेच संपलं.

लोरेटाने झेंडा इस्त्री करून आणून दिला. तो तिच्या आईने, इंगाने, चादरीवर शिवलेला. लेबनॉनच्या झेंड्यावर मध्ये असतो तो देवदार इंगाने कधी पाहिला नव्हता. तिने आमच्याकडे दिसणारं झाड शिवलं. मिरवणुकीच्या सकाळी शाळेच्या मैदानात वदादबाईंनी झेंडा उलगडला आणि हसत काहीतरी म्हणाल्या. नबील जरा अडखळला.

“ती विचारते, हे नाताळचं झाड आहे का?”

“सांग तिला, माझ्या आईचं झाड आहे,” लोरेटा म्हणाली. “आणि हेही सांग, की माझी आई नॉर्वेकर होती. मी तिच्या लोकांत चालते.” ती गेली आणि आमच्या रांगेत, अगदी शेवटी, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“काय गं, इकडे कुठे?” मी म्हटलं.

“गप्प बस. आज मी तुमची.”

बँड सुरू झाला. पहिला मान सगळ्यांत लहान गटाचा, म्हणजे लेबनॉनचा. नबीलला दवाखाना सोडून फार वेळ थांबता येत नव्हतं, तो कडेने चालणार होता. वदादबाई एकट्या पुढे उभ्या. त्यांनी मागे पाहिलं आणि झेंडा खांद्यावर टाकून सरळ आमच्या रांगेत शिरल्या. लोरेटाचं कोपर धरलं.

“ती म्हणते, एकटं माणूस पुढे चालताना दिसलं तर लोक म्हणतील, हिला कोणी नाही,” नबील धापा टाकत म्हणाला.

“मला माझी माणसं आहेत म्हणावं.”

वदादबाई ढिम्म हलल्या नाहीत. बँड तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता. शेवटी पुढून गुंडर ओरडला, “अगं जा ना बये! मी कोसळलो तर हा टोर्गर टपलाय इथे!”

लोरेटा गेली. जाताना ‘किती घट्ट धरते म्हातारी’ असं पुटपुटली, हे मी ऐकलं.

मेन स्ट्रीटवर दोन्ही बाजूंना गाव उभं होतं. एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात लोरेटाचं कोपर, अशा वदादबाई ताठ चालत होत्या. लोरेटा डोळे पायांवर ठेवून चालत होती. आणि मग कोठारापासून आवाज सुरू झाले. “लोरेटा! ए लोरेटा!” “लोरेटा, गाडी कशीये?” “लोरेटा, इकडे बघ!” मेक्सिकन घरांतल्या बायका, खुर्च्यांवरची डकोटा मंडळी, शाळेतली पोरं, सगळी तिलाच हाका मारत होती. वदादबाईंना हाक मारायला कोणाला त्यांचं नाव नीट माहीत नव्हतं. लोरेटाची मान हळूहळू वर आली.

वदादबाईंनी चालता चालता हाका मारणाऱ्यांकडे हनुवटीने दाखवत कडेच्या नबीलला काही विचारलं. त्याने उत्तर दिलं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या गर्दीवरून एकदा नजर फिरवली, मग पुन्हा बोलल्या.

“काय म्हणते?” लोरेटाने विचारलं.

“ती म्हणते,” नबीलने आधी आईकडे, मग तिच्याकडे पाहिलं, “झेंडा तू घे. या हाका तिला दे.”

लोरेटाने वर बघितलं. इंगाचं झाड तिच्या डोक्यावर फडफडत होतं, हात वर केला असता तर काठी तिच्या मुठीत आली असती.

“नाही म्हणावं,” ती म्हणाली. “आणि काठी जड झाली असेल, तर हात बदल म्हणावं.”

मग ती डावीकडे वळून कोणालातरी जोरजोरात हात हलवू लागली.