दोन्ही हात वर

आज सोसायटीची टाकी धुतली, ब्लीचिंग पावडरचा वास जिन्यात भरला आणि हातातली भाजीची पिशवी मी नकळत खाली ठेवली. नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात बेंगळूरला कॉलरा पसरला. आधी तिथल्या शिवाजीनगरात, मग आमच्या गल्लीत आला आणि माझे वडील सरकारी इस्पितळाच्या याच वासानं भरलेल्या व्हरांड्यात चटईवर पडले. खाटा संपल्या होत्या, सलाइन टांगायचे स्टँडही. म्हणून त्यांची बाटली मीच उंच धरून उभी होते. शेजारच्या चटईवर एक म्हातारी होती. “अक्का, स्वल्प, जरा धरा, तोंड धुऊन येतो,” म्हणत तिच्या मुलानं तिची बाटली माझ्या दुसऱ्या हातात दिली आणि गेला तो गेलाच. माझ्या नाकावर माशी, वडील पाणी मागताहेत आणि मला वाकताही येईना. मनातल्या मनात मी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. रोग्यांबरोबरच्या माणसांना लस टोचत नर्स आली. “हात तसाच राहू दे,” म्हणत तिनं वर धरलेल्या दंडातच सुई खुपसली. “आता पार शहराच्या त्या टोकाच्या यशवंतपूरहूनही यायला लागलेत, लस कुणाकुणाला पुरवायची?” ती करवादली. तेवढ्यात तिच्यामागून स्ट्रेचर आलं. त्यावर तोच होता, डोळे खोल गेलेला, ओठ सुकलेला. माझ्या अगदी समोरून त्याला आत नेलं. “मुलगा आला का गं?” म्हातारीनं डोळे न उघडताच कन्नडात विचारलं. “आला,” मी म्हटलं आणि तिची बाटली आणखी वर धरली. ते हात कधी खाली घेतले, ते मात्र काही केल्या आठवत नाही.