मार्थाबाईचा प्रार्थनाविषय

पापडाचा डबा संपला तरी तळाशी चुरा उरतोच. अमरावतीच्या आमच्या गुरुवारच्या बायकांच्या प्रार्थनेतले किस्से माझ्याकडे असेच उरलेत. टाकवत नाहीत, आणि एकटीनं खाववतही नाहीत!

विदर्भ महाराष्ट्रात आला, त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. आम्ही चार-पाच जणी दर गुरुवारी दुपारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओसरीवर जमायचो. पुढे बसायच्या त्यांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई. त्यांचं म्हणणं एकच, "देव काय फक्त रविवारी देवळात भेटतो? तो चुलीपाशी भेटला पाहिजे." म्हणून त्या आम्हाला अधूनमधून एकेक नवा नेम द्यायच्या. मी मूळचीच नेमाधर्माची, नवस बोलणारी बाई. मला तर ते फारच आवडायचं.

त्या वर्षी सगळ्यांच्या प्रार्थनेचा विषय होता माझी शेजारीण मार्थाबाई. तिच्या रूथला नर्सिंग शिकायला अकोल्याला जायचं होतं. जुलैच्या पहिल्या शनिवारी, बापाच्या सहीचा फॉर्म घेऊन तिनं तिथं हजर व्हायचं होतं. बाप, म्हणजे योहानराव, दवाखान्यात कंपाउंडर. "नर्सांचे हाल मी रोज पाहून राहिलो. माह्या पोरीले नाई धाडत!" एवढं बोलून त्यांनी विषय बंद केला. मार्थाबाई भांडली, तेव्हा बोलणंही बंद केलं.

पोर फॉर्म भरून वाट बघत बसली. सही तेवढी नव्हती.

* * *

पहिला नेम होता, हातातल्या कामासोबत प्रार्थना करायची. झाडताना म्हणायचं, प्रभू, माझं मन झाड. दळताना म्हणायचं, माझा हट्ट दळ.

आता आम्हाला लहानपणापासूनची सवय अशी की, प्रार्थना म्हटली की डोळे मिटायचे. आमच्यातली शांताबाई तर फार भाविक. तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि डोळे मिटले. मार्थाबाईच्या रूथसाठी सुरुवात केली, ती सगळ्या मंडळीवरून फिरून आली. भाकरीचा कोळसा! असं तीन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई ताट सरकवून म्हणाल्या, "प्रभूनं पाच भाकरीत पाच हजार लोक जेवू घातले, आन् तू सात भाकरी जाळून तिघांले उपाशी ठेवून राहिली!"

पुढच्या गुरुवारी पाळकीणबाईंनी सांगून टाकलं, "चुलीपुढे डोळे उघडे ठेवले तरी देवाला चालतं!"

* * *

मग नेम आला पाटाचा. स्वयंपाकघरात एक पाट रिकामा ठेवायचा. प्रभू तिथं बसलाय असं समजून दिवसभर वागायचं, बोलायचं. मी चांगला धुऊन-पुसून पाट मांडला. पहिल्या दिवशी घरात माझा आवाजच चढला नाही. आमचे हे घाबरले, "तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतल्या जुबेदाआपा लोणच्याची वाटी परत द्यायला आल्या आणि दमून बरोब्बर त्याच पाटावर बसल्या! माझा चेहरा बदललेला त्यांना दिसला असावा. अर्धवट उठत म्हणाल्या, "क्यों बाई, मेहमान आने वाले हैं क्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. उन्हानं चेहरा लाल झालेला, हातात वाटी.

म्हटलं, "आले की. बसा, चहा टाकते."

* * *

एका गुरुवारी प्रत्येकीनं आठवड्याचे तीन आभार सांगायचे होते. कुणी पोराचा ताप उतरला म्हणालं, कुणी नळाला पाणी आलं म्हणालं. मार्थाबाईची पाळी आली. ती मान खाली घालून बसलेली. आम्हाला वाटलं, आता रडते.

"एक," ती म्हणाली, "नवरा बोलत नाई. दोन, बोलत नाई म्हून भांडत बी नाई. आन् तीन... वरनात मीठ कमी पडलं तरी त्याले सांगता येत नाई!"

पाळकीणबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रार्थना दहा मिनिटं थांबली.

* * *

मी माझ्या परीनं योहानरावांसाठी शुक्रवारचा उपास धरला होता. अशाच एका शुक्रवारी ते आमच्या ह्यांच्याकडे आले. मी चहा दिला.

"तुमी नाई घेत, वहिनी?"

"उपास आहे."

"कायचा?"

खोटं बोलवेना. "तुमच्यासाठी धरलाय."

त्यांची कपबशी तिथंच थांबली. "माह्यासाठी? काहून? मले काय झालं?"

मी किटली उचलून आत गेले. ते अर्धा चहा टाकून गेले. दुसऱ्या दिवशी कळलं, दवाखान्यात जाऊन त्यांनी डॉक्टरांकडून ब्लडप्रेशर मोजून घेतलं, छाती तपासून घेतली, जीभसुद्धा दाखवली!

* * *

आता शेवटचा किस्सा.

योहानरावांच्या घरी सकाळची प्रार्थना कधी चुकली नाही. अबोल्यातही नाही. चटईवर बसायचं, डोळे मिटायचे, एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी घरच्या कर्त्यानं आमेन म्हणायचं. त्यामुळे झालं काय, दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, पण देवाशी बोलत होती! आमच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचं :

"प्रभू, ज्वारी सरली हे याले दिसू दे."

"प्रभू, हिनं कालच तुले सांगतलं असतं, तर मी कालच आणली असती."

आणि रोजचं, "प्रभू, पोरीच्या फारमवर सही करायची बुद्धी दे." त्यावर योहानराव ठणकावून म्हणायचे, "आमेन!" म्हणजे संपलं.

शेवटच्या आठवड्यात पाळकीणबाईंनी नेम दिला, आठ दिवस देवाकडे काही मागायचं नाही. गप्प बसून ऐकायचं.

मार्थाबाई उसळली. "पुढच्या शनिवारी शेवटचा दिवस, आन् आता मागाचंच नाई? हे काय व बाई!"

"दोन महिने तुम्हीच बोलताय," पाळकीणबाई म्हणाल्या. "आता देवाला बोलू द्या."

रडत रडत तिनं नेम पाळला. आठ दिवस भिंतीपलीकडे तिची पाळी आली की नुसती शांतता.

शनिवारी सकाळी मला राहवेना. मीही जाऊन त्यांच्या चटईवर बसले. रूथ न्हाऊन, वेणी घालून बसलेली. नऊची मोटर होती अकोल्याची. रूथची प्रार्थना झाली, माझी झाली. मार्थाबाईची पाळी आली. ती गप्प. बराच वेळ गेला. योहानराव खाकरले. ती गप्पच. ते पुन्हा खाकरले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून आमेन काही येईना.

शेवटी डोळे मिटूनच, रागारागात, ते म्हणाले, "प्रभू, हिले सांग. फारमवर सही करून तीन दिवस झाले. माह्या कोटाच्या खिशात हाये. ही काई इचारूनच नाई राहिली!"

मार्थाबाईनंही डोळे उघडले नाहीत.

"प्रभू," ती म्हणाली, "याले सांग, आता लवकर आमेन म्हण. पोरीची मोटर सुटून राहिली!"